मोबाइलमधले व्हिडिओ डीव्हीडीवर: घातली की चालली पाहिजे

टीव्हीवर बघायला डिस्क करायची म्हटलं की बहुतेक जण लॅपटॉपला रायटर जोडतात, एमपी४ फाइल ओढून डिस्कवर सोडतात आणि राइट करून मोकळे होतात. लॅपटॉपवर ती डिस्क चालतेसुद्धा. टीव्हीखालच्या प्लेअरमध्ये घातली की मात्र थोडा वेळ घरघर होते, 'नो डिस्क' किंवा 'अननोन डिस्क' अशी पाटी येते आणि पुढे काहीच होत नाही. यात डिस्कचा दोष नाही आणि प्लेअरचाही नाही. फाइल नुसती कॉपी केली की होते ती डेटा डिस्क. जुन्या प्लेअरला कळते ती डीव्हीडी व्हिडिओ, आणि ती वेगळी बनवावी लागते.

विंडोज इथे आणखी घोळ घालतं. रिकामी डिस्क घातली की ते विचारतं: पेनड्राइव्हसारखी वापरायची, की सीडी-डीव्हीडी प्लेअरमध्ये लावायची? माणूस साहजिकच दुसरा पर्याय निवडतो. पण त्यानेही होते डेटा डिस्कच, फक्त जास्त यंत्रांना वाचता येईल अशा पद्धतीने लिहिलेली. आतली एमपी४ ही एमपी४च राहते.

आमच्या घरात हे काम माझ्याकडे आलं ते आत्यामुळे. तिला मोबाइलवर व्हिडिओ बघायला आवडत नाही. "मला ते लिंक-बिंक पाठवू नकोस रे, तबकडी दे," असं तिचं स्वच्छ म्हणणं. रिमोटवरची तिला दोनच बटणं माहीत आहेत, एक प्ले आणि एक बंद. त्यामुळे माझा नियम ठरलेला आहे: डिस्क आत गेली की चित्र आपोआप सुरू झालं पाहिजे. पुढे जे सांगतोय त्यातले बरेचसे निर्णय या एकाच नियमातून आलेत.

आधी एक प्रामाणिक प्रश्न: डिस्क खरंच हवी का? टीव्हीला यूएसबीची खाच असेल तर एमपी४ पेनड्राइव्हवर टाका आणि लावा. चित्र डीव्हीडीपेक्षा कितीतरी चांगलं दिसेल आणि तुमची अख्खी संध्याकाळ वाचेल. पेनड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असला तर एक फाइल चार जीबीपेक्षा मोठी बसत नाही, एवढं लक्षात असू द्या. डिस्क करायची ती समोरच्याकडे फक्त डीव्हीडी प्लेअर असेल, किंवा त्याला हातात धरता येणारी, कपाटात नाव लिहून ठेवता येणारी वस्तू हवी असेल तर. दुसरं कारण मला तरी पटतं.

प्लेअरची चौकशी

मी फोन करून पहिला प्रश्न हाच विचारतो: "आत्या, प्लेअरच्या तोंडावर काय काय लिहिलंय ते वाचून दाखव." ती एकेक अक्षर वाचते. त्यात 'डिव्हएक्स' किंवा 'एमपीईजी४' असं काही आलं तर तो प्लेअर डेटा डिस्कवरच्या एव्हीआय फाइल्सही चालवू शकतो. पण त्यावर फार विसंबू नका. अशा प्लेअरमध्ये चित्राऐवजी फाइल्सची यादी उघडते, त्यातून बाणाच्या बटणांनी निवडायचं, आणि आजच्या मोबाइलच्या एमपी४ बहुधा चालत नाहीतच. कारण एमपी४ हा नुसता डबा आहे. आत काय भरलंय ते बाहेरून कळत नाही. मोबाइल त्यात एच२६४ किंवा एचईव्हीसी या नव्या पद्धतींनी दाबलेलं चित्र भरतो, आणि त्या प्लेअरच्या चिपला यातलं काहीच येत नसतं.

डीव्हीडी व्हिडिओ मात्र प्रत्येक डीव्हीडी प्लेअरला येतं. हे मानक नव्वदीच्या दशकातलं, पहिले प्लेअर १९९६ साली जपानमध्ये विकायला आले, आणि त्याचे नियम तेव्हापासून तसेच आहेत. चित्र एमपीईजी२ मध्ये, म्हणजे दाबण्याच्या जुन्या पद्धतीत हवं. पाल पद्धतीत (टीव्हीची भारतातली पद्धत) चित्राचा आकार ७२० बाय ५७६ आणि सेकंदाला २५ फ्रेम्स. एनटीएससीत (अमेरिका-जपानमधली पद्धत) ७२० बाय ४८० आणि २९.९७ फ्रेम्स. आवाज ४८ किलोहर्ट्झचा, दाबलेला एसी३ किंवा साधा, न दाबलेला पीसीएम. पालमध्ये एमपी२ सुद्धा चालतो. डिस्कवर व्हिडिओ_टीएस नावाचा फोल्डर, त्यात व्हीओबी, आयएफओ आणि बीयूपी अशा फाइल्स. चित्र आणि आवाज व्हीओबीमध्ये असतात आणि एक व्हीओबी एक जीबीच्या वर जात नाही. कुठून काय सुरू करायचं हे आयएफओ सांगते. बीयूपी ही त्याच आयएफओची जादा प्रत, पहिली वाचता आली नाही तर उपयोगी पडावी म्हणून.

इथेच एक अपेक्षा कमी करून घ्या. फुल एचडी चित्रात १९२० बाय १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात, पाल डीव्हीडीत ४,१४,७२०. बरोबर एक पंचमांश. फोर-के असेल तर विसावा हिस्सा. म्हणजे मोबाइलवर लखलखीत दिसणारं चित्र मोठ्या टीव्हीवर जरा मऊ दिसणारच. कुठलंही सॉफ्टवेअर हे भरून काढत नाही. जाहिराती काहीही म्हणोत.

साडेचार जीबीत किती मावतं

नेहमीच्या डिस्कवर ४.७ जीबी लिहिलेलं असतं, कॉम्प्युटर दाखवतो ४.३७. फसवणूक नाही, डिस्कवाले हजाराने मोजतात आणि विंडोज १०२४ ने. मूळ फाइल किती जीबीची आहे याचा इथे काही संबंध नाही, हे मात्र नीट समजून घ्या. "माझी फाइल तीन जीबीचीच आहे, मग मावेल ना?" हा प्रश्नच चुकीचा. फाइल पुन्हा नव्याने एन्कोड होणार आहे, म्हणजे दुसऱ्या पद्धतीने दाबली जाणार आहे, त्यामुळे विचारायचं ते किती मिनिटं.

माझा हिशेब असा: ६०० ला एकूण मिनिटांनी भागायचं. येणारं उत्तर म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट परवडतील, चित्र आणि आवाज मिळून. दोन तासांचा कार्यक्रम असेल तर ६०० भागिले १२०, म्हणजे ५. दीड तासाला साडेसहाच्या थोडं वर. तीन तासांना सव्वातीन. ६०० हा आकडा खरा तर ६२६ च्या आसपास येतो, पण डिस्क काठोकाठ भरायची नाही म्हणून मी तो उतरवून धरलाय. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते आणि बाहेरच्या कडेला चुका जास्त होतात. कार्यक्रमाच्या शेवटाला अडकणाऱ्या डिस्कांमागे पुष्कळदा हेच असतं.

मानकाप्रमाणे चित्राला जास्तीत जास्त ९.८ मेगाबिट देता येतात. मी आठच्या वर जात नाही. घरी राइट केलेली डिस्क वाचताना जुन्या प्लेअरला त्या वेगाने धाप लागते आणि डोळ्याला फरकही फारसा दिसत नाही. म्हणजे सव्वा तासाच्या आतलं काहीही असेल तर हिशेब करायचाच नाही, आठ ठेवायचे.

खालची मर्यादा जास्त महत्त्वाची. चारच्या खाली गेलं की हलत्या चित्रात चौकोन दिसायला लागतात. भाषणाचा व्हिडिओ, माणूस एका जागी उभा आणि मागे पडदा, हा तीनवरही बरा दिसतो. हातात मोबाइल धरून गर्दीतून काढलेलं, मागे झाडांची पानं हलताहेत, कोणीतरी फुलं उधळतंय, असं असलं तर पाचही कमी पडतात. अडीच तासांचा समारंभ एकाच डिस्कवर दाबून बसवण्यापेक्षा दोन डिस्क करा. ८.५ जीबीची दुहेरी थराची डिस्क मिळते, पण सगळे जुने प्लेअर ती नीट वाचतातच असं नाही, आणि एका थरावरून दुसऱ्यावर जाताना चित्र क्षणभर थबकतं. साध्या दोन डिस्क बऱ्या. मध्यंतरही होतं.

कच्चा माल नीट करा

या टप्प्याला लोक सगळ्यात कमी वेळ देतात. डिस्क बघवते की नाही हे बरंचसं इथेच ठरतं.

सगळ्या क्लिप्स एका फोल्डरमध्ये घ्या आणि नावांच्या आधी ०१, ०२ असे आकडे लावा. मोबाइलने दिलेल्या नावांवर भरवसा ठेवू नका. दोन मोबाइलवरचं चित्रण असेल तर नावांचा क्रम आणि घटनांचा क्रम यांची सांगड बसत नाही. मेसेजिंग ॲपवरून आलेल्या क्लिप्स वापरू नका, त्या पाठवतानाच दाबलेल्या असतात. ज्याने चित्रण केलंय त्याच्याकडून मूळ फाइल मागा, केबलने किंवा ड्राइव्हवरून.

मग बघा आणि कापा. निर्दयपणे कापा. जमिनीचं चित्रण, "चालू झालं का रे?" असे आवाज, एकाच आरतीच्या तीन क्लिप्स, हे सगळं काढा. शॉटकटसारखं फुकट एडिटर याला पुरेसं आहे. टीव्हीसमोर बसलेल्या माणसाला मोबाइलसारखं बोटाने पुढे सरकवता येत नसतं. त्याला जे दिलंय ते बघावं लागतं.

मोबाइलच्या चित्रणात एक छुपी अडचण असते: फ्रेम्सचा वेग एकसारखा नसतो. उजेड कमी झाला की मोबाइल सेकंदाला ३० ऐवजी २४ वगैरे फ्रेम्स घेतो आणि परत वाढवतो. मोबाइलवर हे कळत नाही. डीव्हीडीला वेग ठरलेलाच लागतो, त्यामुळे रूपांतरात काही सॉफ्टवेअरं गडबडतात आणि आवाज हळूहळू ओठांच्या मागे पडत जातो. सुरुवातीला बरोबर आणि विसाव्या मिनिटाला भलतंच, अशी तक्रार आली की समजायचं हेच झालंय. उपाय म्हणजे आधीच फाइल स्थिर वेगाची करून घेणं. हँडब्रेक या व्हिडिओचं रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओच्या पानावर 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' असा पर्याय आहे, तो निवडा आणि दर्जा वरचा ठेवा. शॉटकट तर अशी फाइल उघडताच स्वतःहून सांगतं आणि बदलून द्यायची तयारी दाखवतं. त्याला हो म्हणा.

हँडब्रेकबद्दल एक गैरसमज सगळीकडे आहे, की त्याने डीव्हीडी बनते. बनत नाही. त्यातून एमपी४, एमकेव्ही किंवा वेबएम बाहेर पडते, बस.

उभं चित्रण आलं तर दोन्ही बाजूंना काळे पट्टे सोडा. ताणून भरायला जाऊ नका, माणसं डेऱ्यासारखी दिसतात. बाजूंना त्याच चित्राची धूसर प्रत लावायची पद्धत हल्ली आहे. मला ती आवडत नाही, आणि मोजून मिळणारे मेगाबिट त्या धुरळ्यावर खर्च होतात ते वेगळंच.

आवाजाची पातळीही इथेच सारखी करा. एका क्लिपमध्ये बँड वाजतोय आणि पुढच्यात आजोबा हळू आवाजात काही सांगताहेत, हे टीव्हीवर फार जाणवतं. एडिटरमध्ये आवाज 'नॉर्मलाइज' करायचा फिल्टर असतो, तो प्रत्येक क्लिपला लावा.

जुन्या टेपवाल्या कॅमेऱ्याचं चित्रण असेल तर त्याची तऱ्हा वेगळी. ते इंटरलेस्ड असतं, म्हणजे एका फ्रेममध्ये विषम ओळी एका क्षणाच्या आणि सम ओळी पुढच्या क्षणाच्या. डीव्हीडीला इंटरलेस्ड चालतं, त्यामुळे ते मोडू नका, फक्त क्रम जपा. मिनीडीव्ही टेपवर आधी खालची ओळ येते. सॉफ्टवेअरने ती वरची धरली तर हलणारा माणूस पुढे-मागे थरथरत चालतो. असं दिसलं की फील्डचा, म्हणजे सम-विषम ओळींच्या गटांचा क्रम उलटा करून बघा.

डिस्कची जुळणी

पूर्वी विंडोज व्हिस्टा आणि ७ मध्ये याचं सॉफ्टवेअर सोबत यायचं. विंडोज ८ पासून ते काढलं. आता मी डीव्हीडीस्टायलर वापरतो. फुकट आहे, मुक्त स्रोताचं आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. ते त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच उतरवा, आणि बसवताना प्रत्येक पानावरची खूण वाचून मगच पुढे जा.

नवा प्रकल्प उघडला की पहिल्याच चौकटीत ते सगळं विचारून घेतं. डिस्कचं नाव इंग्रजी अक्षरांत, मोकळी जागा न सोडता द्या. क्षमता ४.७. चित्राचा बिटरेट (सेकंदाला किती मेगाबिट) 'ऑटो' वर ठेवलात तर मिनिटं बघून ते स्वतःच ठरवतं, पण मी वरच्या हिशेबाने आलेला आकडा आवाजाचा वाटा वजा करून हाताने घालतो. आवाजाला एसी३, १९२ किलोबिट. पीसीएम घेऊ नका; तो एकटाच दीड मेगाबिट खातो. आकार १६:९.

पाल की एनटीएससी? ठोकळ नियम म्हणजे ज्या प्रदेशात प्लेअर आहे तिथली पद्धत. पण मोबाइल सेकंदाला ३० फ्रेम्सने चित्रण करतो आणि पालमध्ये २५ च बसतात. पाच टाकून द्याव्या लागतात, आणि कॅमेरा सावकाश डावीकडून उजवीकडे फिरवलेला असेल तर चित्र अडखळत सरकतं. पाल प्रदेशातले बहुतेक प्लेअर एनटीएससी डिस्कही चालवतात, उलट मात्र तितकंसं खात्रीचं नाही. म्हणून आत्याच्या प्लेअरसाठी मी मोबाइलचं चित्रण एनटीएससीत करतो. ओळी ५७६ च्या ४८० होतात, पण हालचाल गुळगुळीत राहते. झोपाळ्यावरच्या पोराच्या चित्रणात हा फरक शेजारी बसलेल्यालाही दिसतो. कोणाकडे जाणार आहे हे माहीत नसलेल्या डिस्कसाठी मात्र मी तिथली पद्धत सोडत नाही.

पुढे साचा निवडायला सांगतात. फुलं, फुगे, फिरती चित्रं. सगळं सोडा आणि बिनसाच्याचा पर्याय घ्या. रिकामा मेनू खालच्या पट्टीत दिसलाच तर तो काढून टाका. मेनू नसला की डिस्क घातल्याबरोबर पहिलं चित्र सुरू होतं, आणि मला तेच हवं असतं. मेनू आला की बाणाची बटणं आली, 'एंटर' आलं, आणि आत्याचा फोन आला: "अरे, नुसतं गाणं वाजतंय, पुढे जातच नाही." मेनू करायचाच असेल तर बटणं मोठी, दोन-तीनच, आणि कडेपासून आत. जुने डब्बा टीव्ही चित्राच्या चारही कडा थोड्या कापतात. अगदी काठावर लिहिलेलं नाव अर्धं दिसतं.

फाइल्स जोडताना एक खुबी आहे. एकेक फाइल ओढून टाकली तर प्रत्येक फाइल वेगळं टायटल, म्हणजे डिस्कवरचा स्वतंत्र कार्यक्रम होते, आणि एक संपलं की पुढचं आपोआप लागेल याची सोय वेगळी करावी लागते. त्याऐवजी 'फाइल्स ॲज चॅप्टर्स' असा जोडण्याचा पर्याय घ्या. सगळ्या क्लिप्स मिळून एकच टायटल होतं, प्रत्येक क्लिप एक प्रकरण. कार्यक्रम सलग चालतो आणि रिमोटवरच्या 'नेक्स्ट' ने पुढच्या क्लिपवर उडी मारता येते. एका टायटलमध्ये ९९ प्रकरणं चालतात, तितकी लागत नाहीत. एकच लांब फाइल असेल तर गुणधर्मांच्या चौकटीत वेळ लिहून प्रकरणं पाडा. दर पाच मिनिटांनी यांत्रिकपणे पाडू नका. जिथे प्रसंग बदलतो तिथे पाडा.

उपशीर्षकं देवनागरीत हवी असतील तर सावध. डीव्हीडीतली उपशीर्षकं ही अक्षरं नसतात, चित्रं असतात, तीही एका वेळी चार रंगांत. अक्षरांचं चित्र करणाऱ्या साध्या साधनांना जोडाक्षरं जुळवता येत नाहीत. ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या जागी जाते, 'क्ष' फुटतो. मी त्यांच्या वाटेला जात नाही. एडिटरमध्येच मजकूर चित्रावर कायमचा उमटवून घेतो, मोठ्या ठशात, काळ्या कडेसह. बंद करता येत नाहीत, पण वाचता तरी येतात.

राइट करण्याआधी

थेट डिस्कवर लिहू नका. 'क्रिएट आयएसओ इमेज' निवडा आणि आधी अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत असलेली एकच फाइल, म्हणजे आयएसओ, तयार होऊ द्या. तात्पुरत्या फाइल्ससकट दहा-बारा जीबी मोकळी जागा लागते. वेळही लागतो, लॅपटॉप चार्जरला लावून सोडून द्या.

ही आयएसओ व्हीएलसीत उघडून बघा. नुसती सुरुवात नको: पहिलं मिनिट, मधला एक तुकडा, शेवटची पाच मिनिटं. शेवटच्या तुकड्यात ओठ आणि आवाज जुळतात का ते बघा. चित्रात कुठे घड्याळ, ताट, चाक असं काही गोल असेल तिथे थांबा. ते गोलच दिसलं पाहिजे, अंडाकृती नाही.

मग डिस्क. रिकाम्या डिस्कचे दोन वंश आहेत, वजावाले आणि अधिकवाले: डीव्हीडी-आर आणि डीव्हीडी+आर. आजचे रायटर दोन्ही लिहितात. जुन्या प्लेअरसाठी मी डीव्हीडी-आर घेतो, त्यांच्याशी तिचं जास्त जमतं. अधिकवालीच हाताशी असेल तर इमगबर्न या डिस्क लिहिणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तिचा बुक टाइप (डिस्क कुठल्या जातीची हे प्लेअरला सांगणारी खूण) बदलून 'डीव्हीडी-रॉम' करता येतो, रायटरला ते येत असेल तर. मग कित्येक प्लेअर तिला छापील डिस्क समजून मुकाट्याने चालवतात. पुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू डिस्क चाचणीसाठी उत्तम, द्यायला नको. तिच्यावरून उजेड कमी परततो आणि जुन्या लेझरला ती दिसतच नाही.

विंडोज ७ पासून आयएसओवर उजवी टिचकी मारून 'बर्न डिस्क इमेज' म्हटलं की काम होतं. आयएसओ ही फाइल म्हणून डिस्कवर ओढू नका, नाहीतर पुन्हा डेटा डिस्कच हाती येईल. इमगबर्नचा फायदा असा की वेग निवडता येतो. १६ पटीच्या डिस्कवर मी ४ किंवा ८ पट ठेवतो. अगदी सावकाश एक पटीने लिहिलं म्हणजे सगळ्यात चांगलं, हे खरं नाही; आजच्या डिस्कांचा रंगद्रव्याचा थर त्या वेगासाठी बनवलेलाच नसतो. 'व्हेरिफाय' ची खूण ठेवा. वेळ दुप्पट जातो, जाऊ द्या. लॅपटॉपचा बाहेरचा रायटर असेल तर तो हबमधून न जोडता सरळ लॅपटॉपच्या पोर्टला जोडा, त्याला वीज पुरत नाही म्हणून फसलेल्या डिस्का पुष्कळ असतात.

डिस्क फायनलाइझ झाली पाहिजे, म्हणजे तिचं लिखाण बंद झालं पाहिजे. आयएसओवरून एका दमात लिहिलेली डिस्क आपोआप बंद होते. टीव्हीच्या जुन्या रेकॉर्डरवर केलेली डिस्क मात्र रेकॉर्डरच्या मेनूत जाऊन बंद करावी लागते. दुसरीकडे न चालणाऱ्या डिस्कांत अशा बऱ्याच निघतात.

प्लेअरवर बिनसलं तर

काहीच वाचत नसेल तर आधी त्याच प्लेअरमध्ये दुकानातली एखादी छापील डिस्क लावून बघायला सांगा. तीही अडखळली तर लेझरवर धूळ आहे, तुमच्या डिस्कचा प्रश्न नाही. छापील चालते आणि तुमची नाही, तर दुसऱ्या कंपनीची डिस्क घेऊन कमी वेगाने लिहा. चित्र काळं-पांढरं येत असेल आणि डिस्क एनटीएससी असेल तर टीव्हीला ती पद्धत पेलत नाही. पालमध्ये पुन्हा करा. रुंद टीव्हीवर चेहरे पसरट दिसले तर डिस्क बदलू नका. प्लेअरच्या सेटअपमध्ये 'टीव्ही टाइप' असतो, तो ४:३ वर राहिलेला असतो, १६:९ करा. आत्याला हे मी फोनवर करायला लावलं; एकेक बटण सांगत, "आता काय दिसतंय?" विचारत. ती वैतागली, पण झालं. चौकोन दिसले आणि चित्र थबकलं तर आधी डिस्कवरचे बोटांचे ठसे मऊ कापडाने पुसा, मधून बाहेर सरळ रेषेत. गोल गोल पुसू नका. गोल ओरखडा लेझरच्या वाटेवरच पडतो.

नाव लिहायला सीडीसाठीचा मऊ टोकाचा मार्कर घ्या. बॉलपेन नको. चिकटवायचं लेबल तर अजिबात नको, ते एका बाजूने सुटलं की डिस्क फिरताना डगमगते. डीव्हीडीत माहितीचा थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांमध्ये असतो, त्यामुळे वरून ओरखडा गेला तरी सीडीइतकं नुकसान होत नाही, पण उन्हाने आतला रंगद्रव्याचा थर खराब होतो. उभी ठेवा, पाकिटात, अंधारात.

आणि आयएसओ पुसू नका. ती आणि मोबाइलच्या मूळ फाइल्स, दोन्ही एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा. मामेबहिणीला प्रत हवी झाली की आयएसओवरून ती पाव तासात निघते. पुढे कधी आत्याकडे नवा टीव्ही आला तर मूळ फाइल्स लागतील, कारण डीव्हीडीवरून परत काढलेलं चित्र निदान पाचपट लहानच राहणार.